कप्पा नऊमधला माल

माझ्या आत्याची पिशवी अकरा वर्षं रोज संध्याकाळी रुग्णालयाच्या फाटकावर उघडली गेली. आत काय, तर जेवणाचा डबा, छत्री, चष्म्याचं घर आणि एक हातरुमाल. रखवालदाराला हे पहिल्याच आठवड्यात पाठ झालं होतं. पण हुकूम होता, म्हणून तो रोज बघायचा. आत्याही रोज त्याला सांगायची, "नीट बघ. डब्याचं झाकण काढ. छत्री उघडून बघ, आत काही लपवलं असेल." तेवढ्यात पाळी सुटलेल्या लोकांची तिच्यामागे रांग लागायची. लागू दे, ती म्हणायची, लाज मी एकटीनेच का वाहायची?

आत्या त्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाचं स्टोअर सांभाळायची. बाविसाव्या वर्षी कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेवर बदली म्हणून लागली, ती बाई परत आलीच नाही, आणि आत्या तिथेच राहिली. स्टोअर तळघरात होतं. खिडकी नाही, एक कुरकुरणारा पंखा, लोखंडी मांडण्या आणि त्यांवर छताला टेकलेली खोकी. हातमोजे, नळ्या, पट्ट्या, हर्नियावर शिवायच्या जाळ्या, टाक्यांचे धागे, आतडं कापून जोडायच्या स्टेपलरच्या कार्ट्रिज. वरून ऑपरेशन थिएटरमधून चिठ्ठी आली की ती माल काढून द्यायची, आणि चिठ्ठीवर सही नसली तर चिठ्ठी परत पाठवायची. "पोट कापायला हात चालतो, सही करताना तेवढा आखडतो," ती म्हणायची.

तिला सगळे स्टोअरबाई म्हणत. ती मात्र त्यांना काय काय म्हणायची ते मी इथे लिहीत नाही. माझे वडील, म्हणजे तिचा भाऊ, गेल्यापासून मी तिच्याकडे राहते. संध्याकाळी चपला काढता काढताच तिचं सुरू व्हायचं. अमक्या सिस्टरने एक लागत असताना दोन पाकिटं फोडली. तमक्या डॉक्टरला धाग्याचा नंबर माहीत नाही, नुसतं "तो निळा द्या" म्हणतो. तिच्या लेखी सगळं रुग्णालय आळशी, उधळं आणि अडाणी होतं. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणायची, "दिवसभर चाळीस जण काही ना काही मागत असतात. घरी आणखी एक कशाला?"

आता तो हुकूम. एका वर्षी तपासणी झाली आणि मालात बरीच तूट निघाली. आत्याच्या रजिस्टरप्रमाणे माल थिएटरमध्ये गेला होता, थिएटरच्या कागदांप्रमाणे तेवढा रोग्यांना लागलाच नव्हता. म्हणजे वर गेल्यावर वाटेत कुठेतरी पाय फुटत होते. हे शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. पण वर डॉक्टर बसतात आणि खाली कारकून बसते, तेव्हा चौकशी जिन्याने खालीच उतरली. अधीक्षकांनी आठ दिवस कागद चाळले, त्यांना काहीच सापडलं नाही, आणि काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून त्यांनी पत्रक काढलं: यापुढे स्टोअरच्या कर्मचाऱ्यांच्या पिशव्या फाटकावर तपासण्यात येतील. स्टोअरचे कर्मचारी म्हणजे आत्या. अनेकवचन आदरार्थी असावं.

या अधीक्षकांबद्दल थोडं सांगते. गोरे, गुळगुळीत, नेहमी नुकतीच आंघोळ केल्यासारखे. कुठल्याही वाक्याची सुरुवात "तसं पाहिलं तर" अशी करायचे आणि शेवटपर्यंत कशाकडेच बघायचे नाहीत. जो शेवटी भेटला त्याचं मत ते त्यांचं मत. म्हणून सगळे त्यांना शेवटी भेटायला धडपडायचे.

आणि दुसरे म्हणजे मोठे सर्जन. त्यांच्याबद्दल अख्ख्या गावात एकच वाक्य चालायचं: त्यांचे हात सोन्याचे आहेत. रोग्यांचे नातेवाईक म्हणत, सिस्टर म्हणत, अधीक्षक तर वर्षातून दोन भाषणांत म्हणत. आत्या त्यांना 'सोन्याचे हात' असंच म्हणायची. "आज सोन्याचे हात दोन तास उशिरा उगवले." गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा स्वतःचा दवाखाना होता, दहा खाटांचा. ते तळघरात कधी उतरले नव्हते. समोर आली तर आत्याला ओळखलंही नसतं.

मग ते कपाट यायचं ठरलं.

सभागृहात अधीक्षकांनी जाहीर केलं की आता शस्त्रक्रियेच्या सामानाचा पुरवठा आपोआप होणार. थिएटरबाहेर सोळा कप्प्यांचं कपाट बसेल. कार्ड लावायचं, बोट टेकवायचं, कप्पा उघडतो. पाकीट काढलं की लाल उजेडाखाली धरायचं, मशीन ते कमी करतं. ठरावीक संख्येच्या खाली माल आला की पुरवठादाराकडे मागणी आपली आपण जाते. चिठ्ठी नाही, रजिस्टर नाही. टाळ्या झाल्या. मग सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या, कारण तिची नोकरी जाणार हे उघड होतं आणि आता बाई काय तमाशा करते ते बघायचं होतं.

आत्या उठली. कपाटाच्या कंपनीकडून आलेला टायवाला गृहस्थ घाम पुसत उभा होता. तिने त्याला विचारलं, "कोणी काढलं त्याचं नाव लिहितं का हे?"

"लिहितं ना, मॅडम. नाव, तारीख, वेळ, वस्तू. बोटाचा ठसाच असतो."

"मग उद्या आणा," आत्या म्हणाली आणि खाली बसली.

या कपाटवाल्याबरोबर तिने तीन महिने घालवले. सगळ्या वस्तूंची यादी मशीनमध्ये भरायची होती. तो दुसऱ्या कुठल्यातरी रुग्णालयाची यादी घेऊन आला होता आणि तीच डकवून जायच्या बेतात होता. आत्याने पहिल्या दिवशी ती वाचली आणि टेबलावर भिरकावली. एकाच धाग्याला इथे चार नावं होती: कंपनीचं एक, सिस्टरचं एक, जुन्या डॉक्टरांचं एक आणि पाकिटाचा रंग. ही सगळी तिच्या डोक्यात होती, कागदावर कुठेच नव्हती. कपाटवाल्याने गोल सुई आणि कापणारी सुई एकाच कप्प्यात टाकल्या होत्या, कारण दोन्ही सुयाच.

"ही कातडीची आणि ही आतड्याची," आत्या म्हणाली. "कापणारी सुई आतड्यात घातलीत तर शिवताय की फाडताय? तुम्ही स्वतः कधी ऑपरेशन करून घेतलंय?"

"नाही, मॅडम."

"इथे घेऊ नका."

घरी ती त्याला मठ्ठ म्हणायची. पण तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "मठ्ठ आहे, पण विचारतो. आमच्याकडचे मठ्ठ विचारतही नाहीत." तिच्या तोंडून एवढी स्तुती मी माझीही कधी ऐकली नव्हती. प्रत्येक पाकिटावर रुग्णालयाचा चिकट बारकोड तिने स्वतः लावला. प्रत्येक बारकोड वेगळा, म्हणजे कुठलं पाकीट कुठे आहे हे मशीनला एकेक करून ठाऊक.

कपाट सुरू झालं. महिना संपला आणि पहिला तक्ता छापून आला. एक प्रत अधीक्षकांना, एक स्टोअरला. आत्याने तळघरात बसून तो दोनदा वाचला आणि सगळी नावं थिएटरच्या ऑपरेशनच्या यादीशी ताडून पाहिली. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा चपला काढून गप्पच बसली. मला वाटलं, आजारी पडली.

"सोन्याचे हात," ती शेवटी म्हणाली. "नऊ दिवस असे, की त्यांचं एकही ऑपरेशन नव्हतं, आणि नऊही दिवस कप्पे उघडलेत. आठ कार्ट्रिज. तीन जाळ्या. धाग्यांची सव्वीस पाकिटं."

"मग तुला आनंद व्हायला हवा," मी म्हटलं. "सुटलीस की."

"हातमोजे पण," ती म्हणाली. "साडेसात नंबरचे. दोन जोड." आणि तिचं तोंड वाईट औषध घेतल्यासारखं झालं. "अगं, मला वाटायचं मोठी टोळी असेल. पुरवठादार, ड्रायव्हर, कुणी तरी बनेल माणूस, ज्याने मला अकरा वर्षं बनवलं. आणि निघाला हा. कोटाच्या खिशात हातमोजे कोंबणारा. अशा चिल्लर माणसापायी मी फाटकावर छत्री उघडून दाखवत होते?"

मी तिला कधी रडताना पाहिलं नाही, तेव्हाही नाही. पण जेवली नाही.

दोन दिवसांनी सोन्याचे हात आयुष्यात पहिल्यांदा तळघराचा जिना उतरले. आपलं नाव कागदावर उमटतं ही गोष्ट त्यांच्या बोटाला उशिरा समजली असावी. खुर्ची नव्हती, म्हणून ते एका खोक्यावर टेकले. हातात एक अर्ज होता.

"बाई, आम्ही सगळे डॉक्टर मिळून लिहितोय," ते म्हणाले. "हे कपाट म्हणजे डोकेदुखी आहे. रोगी टेबलावर आणि आम्ही बोटं टेकवत बसायचं? तुम्हीही सही करा. शेवटी तुमच्याच पोटावर पाय येतोय. माणसाची जागा मशीन घेऊ शकत नाही, असं मला तरी वाटतं."

"माझं नाव काय, सर?"

"अं?"

"अर्जात माझं नाव लिहावं लागेल. काय लिहिणार?"

सर हसले. सोन्याचे हात थोडे चुळबुळले. "आपल्या... स्टोअरबाई."

"सतरा वर्षं तुम्हाला माल देतेय," आत्या म्हणाली. "मशीनने पहिल्याच दिवशी माझं नाव बरोबर लिहिलं. ते राहू दे. आणि तुम्ही उठा जरा, ज्या खोक्यावर बसलात त्यात जाळ्या आहेत, मोजून ठेवल्यात."

ते उठून वर गेले. अर्जावर सतरा सह्या झाल्या. त्यांतल्या निम्म्यांचं कपाटाशी काहीच वाकडं नव्हतं. मोठ्या सरांनी पेन पुढे केलं, त्यांनी ते घेतलं. माणसं एवढ्यावरही सही करतात.

अधीक्षकांना त्या दिवशी शेवटी भेटले ते मोठे सर. त्यामुळे निर्णय असा झाला: तसं पाहिलं तर मशीन नवीन आहे, काही नोंदी चुकीच्या असू शकतात, तेव्हा वरिष्ठ डॉक्टरांना एक तातडीचा आकडा द्यावा. चार अंक दाबले की सगळे कप्पे उघडतील. नाव नाही, बोट नाही, लाल उजेड नाही. कपाटवाला बिचारा काकुळतीला आला. "सर, असा माल निघाला तर मशीनला कळणारच नाही. ते समजेल की माल आत आहे. मग नवी मागणी जाणार नाही."

"तेवढं बघून घेऊ," अधीक्षक म्हणाले. कोण बघणार आणि काय, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्या अधीक्षकांकडे गेली. तिने पहिल्या महिन्याचा तक्ता टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "पिशवी तपासायचं पत्रक आज रद्द करा. नाहीतर उद्यापासून सगळ्यांच्या पिशव्या बघा, वरिष्ठांपासून सुरुवात."

तिला वाटलं होतं, वाद होईल. ती रात्रभर मनात वाक्यं जुळवून गेली होती. अधीक्षकांनी तक्त्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं आणि पाच मिनिटांत पत्रक टाइप करून घेतलं. माफीचा एक शब्द नाही. "अकरा वर्षं," आत्या मला म्हणाली, "आणि एवढ्या स्वस्तात सुटत होतं. आधीच का नाही ओरडले मी?" त्या संध्याकाळी रखवालदार तिला सलाम ठोकून म्हणाला, "बाई, मला तर पहिल्यापासून माहीत होतं तुम्ही तशा नाही."

"मग रोज डब्यात काय शोधत होतास?" असं विचारून ती निघाली.

त्याच पंधरवड्यात तिला चादरींच्या विभागात टाकलं. स्टोअरमध्ये आता माणसाची गरज उरली नव्हती. हाताने मोजणी करायची नाही, असंही वर लिहून आलं, कारण मोजायला मशीन होतं. ती दिवसभर धोब्याकडून आलेल्या चादरी मोजायची आणि डागांबद्दल मत द्यायची.

साधारण सव्वादोन महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, चादरींच्या विभागातला फोन वाजला. थिएटरच्या सिस्टर होत्या. त्यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, कारण हात रिकामे नव्हते.

"बाई, कप्पा नऊ रिकामा आहे. मशीन आत सहा कार्ट्रिज दाखवतंय. एकही नाही. टेबलावर रोगी आहे."

रोगी म्हणजे साठीचा एक शिंपी, आतड्यातली गाठ काढून झाली होती आणि दोन टोकं जोडायची राहिली होती. ऑपरेशन सोन्याच्या हातांचं.

"तळघरात बघितलं?" आत्याने विचारलं.

"मांडण्या रिकाम्या आहेत, बाई. मशीनने मागणीच पाठवली नाही."

थिएटरमध्ये भूल देणाऱ्या एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या, फारशा बोलत नसत. त्या म्हणाल्या, "सर, हाताने शिवून टाका ना. पूर्वी शिवायचो तसं."

सिस्टरने नंतर सांगितलं की मोठ्या सरांनी फक्त आपल्या हातांकडे पाहिलं. दहा-बारा वर्षं त्यांनी आतडं हाताने शिवलं नव्हतं. स्टेपलर शिवायचा आणि गाव हातांना सोनं म्हणायचं.

"दुसऱ्या रुग्णालयातून मागवायचं तर तास जाईल," फोनवरून आत्याचा आवाज आला. "सरांच्या दवाखान्यात गाडी पाठवा. दहा मिनिटांवर आहे. तिथे आपलाच माल आहे."

सिस्टर सांगतात, थिएटरमध्ये कुणी कुणाकडे बघेना. मग मोठे सर मास्कच्या आतून म्हणाले, "पाठवा गाडी. मी सांगितलंय म्हणावं, आतल्या खोलीतलं डावीकडचं कपाट."

बावीस मिनिटांत ड्रायव्हर परत आला. चार कार्ट्रिज. प्रत्येकीवर आत्याने स्वतः लावलेला बारकोड. टेबलावर वापरायचं प्रत्येक पाकीट रोग्याच्या नावावर चढवावं लागतं, म्हणून सिस्टरने पहिलं पाकीट लाल उजेडाखाली धरलं. पडद्यावर अक्षरं उमटली: ही वस्तू कप्पा क्रमांक नऊमध्ये आहे. दुसरं धरलं. तेही कप्पा क्रमांक नऊमध्ये. भूलवाल्या बाई खोकल्या. तो खोकला नव्हता, असं सिस्टरचं म्हणणं.

शिंपी वाचला. दहाव्या दिवशी चालत घरी गेला, आणि जाताना मोठ्या सरांच्या हातांना डोळे लावून गेला. त्याला कोण सांगणार?

मोठ्या सरांचं काय झालं, तर काही नाही. चौकशी नाही, पत्रक नाही, आणि पिशवी तर त्यांच्याकडे नव्हतीच, कोट होता. तातडीचा आकडा एका सोमवारी गुपचूप बंद झाला. तीन-चार महिन्यांनी त्यांनी प्रकृतीच्या कारणाने रुग्णालय सोडलं. निरोप समारंभ झाला. अधीक्षकांनी सोन्याच्या हातांचा उल्लेख दोनदा केला. अर्जावर सही करणारे सतराही जण होते आणि आता त्यांच्या बोलण्यावरून वाटत होतं की कपाटाच्या बाजूने सगळ्यांत आधी तेच उभे राहिले होते. आत्या मागच्या रांगेत बसून होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तिने हातातला चष्मा पुसला.

नंतर अधीक्षकांनी तिला बोलावून सांगितलं की तसं पाहिलं तर स्टोअरला अनुभवी माणूस हवाच, तिने परत यावं. ती म्हणाली, विचार करते. घरी येऊन तिने तीन ओळींचा राजीनामा लिहिला. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. मी म्हटलं, एवढी घाई कशाला? ती म्हणाली, "त्या माणसाच्या हाताखाली तेवीस वर्षं काढली, ते माझंही चुकलंच. आणखी दोन कशाला वाढवू?"

कपाटवाल्याने तिला आपल्या कंपनीत घेतलं. आता ती त्याच्याबरोबर गावोगावच्या रुग्णालयांत जाते, याद्या दुरुस्त करते, कप्पे लावून देते आणि पहिल्या दिवशी अट घालते की कुणालाही बिननावाचा आकडा मिळणार नाही. अधीक्षक कुठलाही असो, तो "पण वरिष्ठांसाठी" असं म्हणतोच. मग आत्या आपला डबा उघडते आणि जेवायला बसते, त्याचं बोलणं संपेपर्यंत. कपाटवाला तिची बॅग उचलतो आणि बोलणी खातो.

मागच्या गुरुवारी तिचा फोन आला, दोन दिवस उशीर होईल म्हणून. तिथल्या स्टोअरमधली बाई मशीन बघून रडायला लागली होती.

"मग तू काय सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"काय सांगणार? नोकरी जाईल असं सांगितलं. खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "आधी रडू दिलं. मग बसवलं समोर आणि याद्या करायला शिकवतेय. डोकं बरं आहे तिचं. अक्षर भयंकर आहे. आणि ऐक, गच्चीवर माझी चादर वाळत घातलीय, ती काढून घे."